कॅसेटची सीडी करणे (मराठवाडा)

व्हीएचएस फितीवरचे घरगुती चित्रण व्हीसीडीवर, डीव्हीडीवर किंवा संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून घेण्याचे काम. मराठवाड्यात गिऱ्हाईक याला 'कॅसेटची सीडी करणे' म्हणते. हातात पडलेली चकती डीव्हीडी असली तरी तिचे नाव सीडीच. काम मुख्यतः लग्नाच्या कॅसेटचे. त्याखालोखाल हरिनाम सप्ताह, वास्तुशांत, बारसे आणि सेवानिवृत्तीचे निरोपसमारंभ येतात.

पूर्वपीठिका

सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणले. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले आणि त्यामागोमाग व्हिडिओ पसरला. मराठवाड्यातल्या गावांत तो आधी भाड्याने आला: रात्रभरासाठी रंगीत टीव्ही, व्हीसीपी (कॅसेट फक्त चालवणारे यंत्र) आणि तीन सिनेमे, गणपतीच्या मांडवात नाहीतर वाड्याच्या अंगणात. स्वतःचा प्लेअर थोड्या घरांत होता. लग्नाची कॅसेट मात्र प्लेअर नसलेल्या घरांतही असे. ती पाहायची तर यंत्र मागून आणावे लागे. म्हणून या भागातल्या पुष्कळ कॅसेट दहा-बारा वेळाही चाललेल्या नसतात. फीत झिजलेली नसते, पण वीस-पंचवीस वर्षे एकाच ताणाने गुंडाळून पडलेली असते. उतरवण्याच्या कामातल्या बऱ्याच अडचणी इथूनच निघतात.

फितीवर काय असते

व्हीएचएसची फीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी रुंद असते. भारतातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ती सेकंदाला २३.३९ मिमी सरकते. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर फीत असते. चित्र वाचणारी हेड ६२ मिमी व्यासाच्या तिरक्या ड्रमवर बसवलेली असतात आणि तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. चित्राच्या रेघा फितीवर तिरप्या उमटतात. आवाजाची पट्टी वरच्या कडेला आणि कंट्रोल ट्रॅक (फितीची चाल आणि हेड यांचा मेळ राखणारे संकेत) खालच्या कडेला असतो. हे लक्षात असले की दोष कुठे आहे ते पडद्याकडे पाहूनच कळते. वरची कड चुरगळली असेल तर मंगलाष्टका पाण्यात बुडाल्यासारख्या ऐकू येतात. खालची चुरगळली असेल तर चित्र पट्टे मारते, उड्या घेते.

आवाज मुळातच बेताचा. गाण्याच्या ऑडिओ कॅसेटची फीत सेकंदाला ४७.६ मिमी धावते; व्हीएचएसची त्याच्या निम्म्याहून थोडी कमी, त्यामुळे वरचे स्वर जवळजवळ उमटतच नाहीत. रंगाचे तपशीलही या पद्धतीत फार थोडे साठतात. हॅलोजनच्या उजेडात नवरीच्या शालूचा लाल कडा सोडून उजवीकडे, नवरदेवाच्या उपरण्यावर सांडलेला दिसतो तो यामुळे. हा कॅसेटचा बिघाड नव्हे, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने तो पुरता जात नाही.

शूटिंग, मिक्सिंग आणि 'ओरिजिनल'

गिऱ्हाईक जिला ओरिजिनल म्हणते ती कॅसेट सहसा मूळ नसते. शूटिंगवाला खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्याने, हॅलोजन धरणारा पोऱ्या सोबत घेऊन, हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन-तीन कॅसेट भरत असे. त्या मिक्सिंगवाल्याकडे जात. तिथे दोन व्हीसीआर (रेकॉर्डही करणारी यंत्रे) आणि मिक्सर लावून नावांच्या पाट्या, बदामाच्या आकारात नवरा-नवरी आणि वरातीवर सिनेमाची गाणी चढवून एक कॅसेट तयार होई. घरी आली ती ही, म्हणजे दुसऱ्या पिढीची. मामाला, आत्याला दिलेल्या प्रती तिसऱ्या पिढीच्या. दर पिढीला रंग पसरतो आणि कडा मऊ होतात. कोऱ्या कॅसेटचे पैसे वाचवायला कॅमेऱ्यातल्या कॅसेट पुढच्या लग्नात पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे त्या आता मिळत नाहीत. नात्यात तीन-चार प्रती असतील तर सगळ्या मागवून त्यांतली मिक्सिंगची पहिली प्रत शोधावी: नावांच्या पाटीची अक्षरे जिच्यात सर्वांत कोरीव दिसतात ती.

कॅसेटच्या पाठीवर डाव्या टोकाला प्लास्टिकची छोटी टिकली असते. ती मोडली की त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. मोडलेल्या जागी सेलोटेप लावली की पुन्हा होते. सप्तपदीच्या मध्येच क्रिकेटची मॅच सुरू झालेल्या कॅसेट या टिकलीमुळेच बनल्या. फितीवर नवे चढले की जुने कायमचे पुसले जाते.

उतरवण्याची पद्धत

प्रथम कॅसेट न चालवता पाहावी. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड किंवा जाळे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली तर ती हेडला आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला लागते. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे कोकणाच्या मानाने बुरशी कमी. इथे खरे नुकसान धुळीने आणि उन्हाने होते. माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात वरून माती गळत राहते आणि ती पुठ्ठ्याच्या कव्हरात शिरते. वाळवी कव्हर खाते, तिची माती चाकांच्या भोकांतून आत जाते. पत्र्याखालच्या पेटीत मे महिना काढलेल्या कॅसेटचे कवच वाकते आणि चाके घासू लागतात.

माती गेलेली किंवा वाकलेली कॅसेट उघडून फीत दुसऱ्या कवचात टाकावी. खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढायचे, कॅसेट सरळ करून वरचे झाकण उचलायचे, आणि फितीचा मार्ग कोणत्या खुंट्यांवरून जातो त्याचा मोबाइलवर फोटो काढून मगच चाके हलवायची. एक बारीक खुंटी चुकली की फीत खाली घसरते. तुटलेली फीत जोडताना दोन्ही टोके सरळ कापून खास जोडपट्टी आतल्या बाजूने लावावी. व्हीएचएसची नोंद असलेली बाजू बाहेर, ड्रमकडे असते. तिथे पट्टी आली तर हेडचे टोक मोडू शकते. साधी सेलोटेप वापरूच नये, उन्हाळ्यात तिचा डिंक पाझरून हेडवर बसतो.

नंतर पूर्ण फॉरवर्ड आणि पूर्ण रिवाइंड, मध्ये न थांबता. वर्षानुवर्षे आवळलेल्या गुंडाळीचा ताण यात सारखा होतो. हे न करता थेट चालवलेली कॅसेट पहिल्या दहा मिनिटांत अडकण्याचा संभव जास्त.

हेड दर कॅसेटआधी साफ करावे. आयसोप्रोपिल अल्कोहोल शॅमॉय चामड्याच्या तुकड्याला लावून तो तुकडा ड्रमवर स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. तुकडा वर-खाली घासला की हेडचे टोक तुटते. कानातल्या कापसाच्या काडीचे तंतू हेडच्या फटीत अडकतात, म्हणून ती या कामाला चालत नाही. पिंच रोलर (फीत दाबून ओढणारे रबरी चाक) पुसायला चालते. मग दहा मिनिटे मशीन गरम होऊ द्यावे, कॅसेट लावावी आणि ट्रॅकिंगने (फितीवरच्या रेघांशी हेड जुळवण्याची सोय) खालचा पांढरा पट्टा पडद्याबाहेर घालवावा. एका मशीनवर न जुळणारी कॅसेट दुसऱ्यावर सहज जुळते, म्हणून दुकानात किमान दोन मेकची मशीन लागतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची असते. ती निव्वळ पाल मशीनवर स्थिर राहत नाही.

व्हीसीआरची पिवळी पिन चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाची. त्या कॅप्चर कार्डाला (चित्र संगणकात घेणाऱ्या) किंवा डीव्हीडी रेकॉर्डरला जोडतात. काम खऱ्या वेळेतच चालते: तीन तासांच्या कॅसेटला तीन तास, आणि सफाई धरून चार-साडेचार. फीत डळमळीत असेल तर स्वस्तातले यूएसबी कार्ड मधल्या फ्रेम गाळते. आवाज मात्र गळत नाही. परिणामी शेवटाकडे चित्र आणि आवाज एकमेकांपासून सुटतात. तपासायला सुरुवात पाहून भागत नाही. 'शुभमंगल सावधान' म्हणणाऱ्या भटजींचे ओठ पाहावेत, आणि मग शेवटी पाठवणीत कुणी बोलत असेल तिथे पाहावे. व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर (डळमळीत चित्राची वेळ सरळ करणारे यंत्र) लावला तर हा दोष बहुतेक जातो, पण तालुक्याच्या दुकानात हे यंत्र क्वचितच असते.

वीज गेली तर फीत ड्रमभोवती ताणलेल्या अवस्थेत राहते. मशीन आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत. वीज नसताना कॅसेट ओढून काढू नये. झाकण काढून लोडिंग मोटर हाताने उलटी फिरवून फीत ड्रमवरून सोडवावी आणि सैल झालेली फीत चाक हाताने फिरवून आत घ्यावी.

व्हीसीडी आणि डीव्हीडी

व्हीसीडीचे मानक १९९३ चे. तिच्यात चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे आणि चित्राच्या माहितीचा वेग सेकंदाला ११५० किलोबिट एवढाच ठरलेला, चित्र कितीही धावपळीचे असो. एका चकतीवर ७४ ते ८० मिनिटे मावतात, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटच्या तीन चकत्या. पाल चित्रात सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात; व्हीसीडी २५ पूर्ण चित्रे ठेवते. त्यामुळे नाचणाऱ्यांची हालचाल तुटक होते आणि बँडपुढची गर्दी, उडणाऱ्या अक्षता, फटाके यांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात. स्वस्त सीडी प्लेअर घरोघर आल्यावर मराठवाड्यातल्या बहुसंख्य कॅसेट अशाच व्हीसीडीवर गेल्या आणि बऱ्याच घरांनी नंतर कॅसेट भंगारात दिली. हे नुकसान कॅसेटच्या जुनेपणापेक्षा मोठे आहे. नीट ठेवलेली कॅसेट आजही त्या व्हीसीडीपेक्षा चांगले चित्र देते.

डीव्हीडीत ७२० बाय ५७६ बिंदू आणि दोन्ही अर्धचित्रे राहतात. ४.७ जीबीच्या चकतीवर दोन तास भरले तर सेकंदाला सरासरी सुमारे ५ मेगाबिट मिळतात. तीन तास कोंबले तर साडेतीनच्या आत, आणि वरातीत पुन्हा ठोकळे. म्हणून तीन तासांच्या कॅसेटला दोन चकत्या घ्याव्यात. अर्धचित्रांचा क्रम उलटा लागला तर पळणारे मूल पुढे-मागे थरथरते. संगणकाच्या पडद्यावर हे लपते, जुन्या टीव्हीवर लगेच दिसते.

चकती ४ किंवा ८ पटीने लिहावी आणि फायनलाइज करावी (लेखन पुरे करून बंद करावी), नाहीतर घरच्या प्लेअरवर चालत नाही. नावाचा गोल स्टिकर लावू नये. तो सुकून एका बाजूने आकसतो आणि चकती डगमगते. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लाखेच्या लगेच खाली असतो, म्हणून वरून बॉलपेनने लिहिले तरी ती जाते. डीव्हीडीत तो ०.६ मिमीच्या दोन थरांच्या मध्ये सुरक्षित असतो. पण दोन्हींचा रंगद्रव्याचा थर उन्हाने फिका पडतो. खिडकीत किंवा टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेल्या चकत्या आधी जातात.

मिनी डीव्ही

१९९५ नंतर आलेली ही ६.३५ मिमीची छोटी कॅसेट मुळात डिजिटल आहे. फायरवायर जोडणीने ती जशीच्या तशी, तासाला सुमारे १३ जीबी, संगणकात घेता येते. अडचण एकच: ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटे बसवण्यासाठी एलपीवर (फीत हळू चालवून) केलेले शूटिंग बऱ्याचदा ज्या कॅमेऱ्याने केले त्यावरच चालते, आणि तो कॅमेरा कधीच विकलेला असतो.

जुन्या गावांची चित्रणे

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. त्याआधीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरा-नवरीच्या मागे जुने गाव असते: दगडी भिंती, माळवदे, बोळ, मारुतीचा पार. अशी कॅसेट आली तर मिक्सिंगने चढवलेले गाणे काढण्याच्या नादी लागू नये, त्याखालचा आवाज उरलेलाच नसतो. वरातीचा आणि परण्याचा (लग्नाआधीच्या नवरदेवाच्या मिरवणुकीचा) भाग मात्र न कापता पूर्ण उतरवावा. दुकानदार चकती वाचवायला हाच भाग आधी कापतात.

आजची स्थिती

जेव्हीसीने स्वतंत्र व्हीएचएस मशीन २००८ मध्ये बंद केले; जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आणि नवे व्हीसीआर मिळणे संपले. आता चालू मशीन म्हणजे दोन-तीन बंद मशीनचे सुटे भाग. बेल्ट मापाने मिळतो. आयडलरचे (चाकांना गती देणाऱ्या छोट्या चाकाचे) रबर कडक झाले की फीत गुंडाळून घेणारे चाक फिरत नाही आणि मशीन फीत 'खाते'. सॅंडपेपरचा हलका हात देऊन ते काही महिने चालवतात. झिजलेल्या हेडला मात्र उपाय नाही.

चकत्याही मागे पडल्या. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, त्यामुळे आता कॅसेटसोबत दहा वर्षांपूर्वीच्या डीव्हीडीही पेन ड्राइव्हवर उतरवायला येतात. कॅप्चरची मोठी फाइल हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवावी आणि मोबाइलसाठी लहान प्रत वेगळी करावी. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत मूळ म्हणून जपू नये. कॅसेट टाकू नये. ती पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारखी उभी, भरलेले चाक खाली, स्पीकरपासून दूर आणि पत्र्याखाली न ठेवता भिंतीतल्या कपाटात ठेवावी.