पुढचं विमान संथ असेल तर

छोट्या विमानतळावर उतरणारी विमानं धावपट्टीलगत एका आयताकृती वाटेने फिरतात. ही वाट म्हणजे सर्किट. धावपट्टीला समांतर, पण उतरण्याच्या उलट दिशेची बाजू म्हणजे डाउनविंड. तिथून काटकोनात वळलं की बेस, आणि आणखी एक वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत आलं की फायनल. वळणं सहसा डावीकडे असतात, उंची जमिनीपासून साधारण 1,000 फूट. वाट सगळ्यांची एक, वेग मात्र ज्याचा त्याचा.

समजा, डाउनविंडवर मागचं विमान 100 नॉटने (ताशी 185 किमी) येतंय आणि पुढचं, कापडी पंखांचं, 60 नॉटने चाललंय. दोघांत 2 किमी अंतर असलं तरी ते शंभर सेकंदांच्या आत संपतं. म्हणूनच इथे वेळेचा हिशेब आधी करावा लागतो.

वारा नसताना 2 किमीच्या फायनलला 50 नॉटच्या विमानाला 78 सेकंद लागतात, 80 नॉटच्या विमानाला 49. पुढच्याला धावपट्टी मोकळी करायला 40 सेकंद धरले, तर ते फायनलवर वळतं त्या क्षणी मागचं विमान उतरण्याच्या वाटेने त्याच्या जवळजवळ 3 किमी मागे हवं. समोरून 20 नॉटचा वारा असेल तर हेच आकडे 130 आणि 65 सेकंद होतात. वारा संथ विमानालाच जास्त रोखतो, हे अनेकदा लक्षात राहत नाही.

उपाय सुरू होतो सर्किटमध्ये शिरण्याआधीच. वेगवान विमानाने बाहेर असतानाच वेग उतरवावा. चाकं आणि फ्लॅपचा (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्यांचा) पहिला टप्पा लवकर काढला तर ते सोपं जातं. संथ विमानाने धावपट्टीजवळून, आतून फिरावं, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी तरंगत धावपट्टी गाठता येते. वेगवानाने बाहेरून. त्याला आत वळणं जमतही नाही, कारण वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: 30 अंश कलून 60 नॉटला ती 170 मीटर, 100 नॉटला 470.

मागच्याने डाउनविंड लांबवावी. फायनलवरचं संथ विमान आपल्या पंखाच्या बरंच मागे गेल्यावरच बेसला वळावं. बरोबरीला येताच वळलं तर ते पुन्हा नाकासमोर येतं.

धोका असतो तो उशिरा सुचलेल्या उपायात. फायनलवर नागमोडी वळणं घेऊन वेळ काढणं, किंवा वेग आणखी पाडणं. 45 अंश कललेलं विमान पातळीतल्या वळणात 19 टक्के जास्त वेगावरच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, आणि तिथे सावरायला उंचीच नसते. सर्किटमध्येच पूर्ण गोल फेरी मारली तर मागून येणारा समोरून भेटतो. जागा उरली नाही असं वाटताच गो-अराउंड करावा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढावं: थोडं बाजूला सरकून, खालचं विमान दिसत राहील असा.

उतरताना खालच्या विमानाला प्राधान्य असतं, पण त्याचा आधार घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसता येत नाही. सर्वांत वाईट जोडी म्हणजे वरती असं विमान, ज्याचे पंख धडाच्या खालच्या बाजूला आहेत, आणि त्याच्या बरोबर खाली असं, ज्याचे पंख धडाच्या वरच्या बाजूला आहेत: दोघांचेही पंख नेमके एकमेकांना झाकतात. त्यामुळे रेडिओवर फक्त ‘फायनलवर आहे’ म्हणून भागत नाही. विमानाचा प्रकार, धावपट्टीपासूनचं अंतर आणि आपण कोणाच्या मागे आहोत, हे तिन्ही सांगावं. काही जुन्या विमानांत रेडिओच नसतो, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून वाट मोकळी आहे असं धरू नये.