लँड स्पीड रेसिंगची गाडी: बांधणी आणि ट्यूनिंग

लँड स्पीड रेसिंग म्हणजे जमिनीवर, चाकांवर, सरळ रेषेत एखादी गाडी जास्तीत जास्त किती वेगाने पळते ते मोजायचं, बास. शेजारी दुसरी गाडी नसते, वळणं नसतात, कोण आधी पोचलं हा प्रश्नच येत नाही. मोकळं सपाट मैदान, मोजलेला एक मैल किंवा एक किलोमीटर आणि त्या अंतराला लागलेला वेळ, एवढ्यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे नाशकात कुणी गाडी "बनवून" घेतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा पिकअप हवा असतो, म्हणजे सिग्नल सुटल्यावर गाडी कशी उचलते ते. ड्रॅग रेसिंगची गाडी त्याच विचाराची, पाव मैलात सगळा खेळ संपतो, इंजिनाला दहा-बारा सेकंद जीव धरायचा असतो. लँड स्पीडच्या गाडीला पिकअपचं फार कौतुक नाही. तिला पाच मैल मिळतात आणि त्यातली दीड-दोन मिनिटं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो. दीड मिनिट ऐकायला थोडं वाटतं पण रोजच्या गाडीला सलग दहा सेकंदसुद्धा फुल थ्रॉटल क्वचित मिळतो, कसारा घाटात भरलेली गाडी चढवताना मिळाला तर मिळाला. या दीड मिनिटासाठी गाडीचा प्रत्येक भाग वेगळ्या हिशोबाने बांधावा लागतो.

पहिला नोंदलेला विक्रम १८ डिसेंबर १८९८चा, पॅरिसजवळ आशेर इथे गास्तों द शासलू-लोबा याने ताशी ६३ किलोमीटर गाठले आणि ती गाडी इलेक्ट्रिक होती, हे वाचून बऱ्याच जणांना नवल वाटतं. पुढच्याच वर्षी २९ एप्रिलला बेल्जियमच्या कामी जेनात्सीने १०५.८८ची नोंद केली, शंभर ओलांडणारी पहिली गाडी, तीही बॅटरीवरचीच. तिचं अंग टॉर्पेडोसारखं निमुळतं केलं होतं पण ड्रायव्हर कमरेपासून वर उघड्यावर बसलेला आणि चाकंही बाहेर, म्हणजे हवा कापायची कल्पना बरोबर होती, अंमल अर्धा. आजचा सर्वोच्च विक्रम १५ ऑक्टोबर १९९७चा आहे, अमेरिकेत नेव्हाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीनने थ्रस्ट एसएससी ताशी १,२२७.९८५ किलोमीटरने नेली, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. पण ती दोन जेट इंजिनांची गाडी, चाकं नुसती टेकायला. या नोंदीत मुख्यतः चाकांना ताकद देऊन पळणाऱ्या गाड्यांचा विचार केलाय, कारण गॅरेजमध्ये बांधता येते ती हीच.

आंतरराष्ट्रीय नियम असा की गाडीने तोच टप्पा एका तासाच्या आत उलट-सुलट दोन्ही दिशांनी पार करायचा आणि दोन्हीची सरासरी धरायची, म्हणजे वाऱ्याचा फायदा एका बाजूला मिळाला तर दुसऱ्या बाजूला फिटतो. अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिल मिठागरावर दरवर्षी ऑगस्टमध्ये स्पीड वीक भरतो, १९४९पासून. तो एससीटीए ही १९३७ साली स्थापन झालेली संस्था भरवते आणि तिची पद्धत वेगळी, आधी विक्रमापेक्षा जास्त वेग दाखवायचा, मग गाडी राखीव आवारात लावायची, तिथे कामाला चार तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळवायची. दोन्ही फेऱ्यांची सरासरी हा विक्रम.

मला या खेळातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वर्ग. इंजिनाचा आकार, इंधन आणि बॉडीचा प्रकार यावरून शेकडो वर्ग पाडलेत. चाकं झाकलेली लांबट स्ट्रीमलायनर वेगळी, चाकं उघडी असलेली लेकस्टर वेगळी, कारखान्यातून निघाली तशीच बॉडी असलेली प्रॉडक्शन गाडी वेगळी. त्यामुळे लहान इंजिनवाल्याची लढत लहान इंजिनवाल्याशीच होते. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने १९२०ची इंडियन मोटरसायकल घरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं सुधारत नेली, पिस्टन स्वतः ओतले, आणि १९६७ला वयाच्या ६८व्या वर्षी बॉनव्हिलवर १००० सीसीखालच्या गटात ताशी २९५ किलोमीटरच्या वर विक्रम केला. अंबडला किंवा सातपूरला ज्याचं लेथ आहे त्याने हे वाक्य परत एकदा वाचावं.

हवेचा हिशोब आधी समजून घ्यायला लागतो, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो भेदायला लागणारी ताकद आठपट. साधी मध्यम आकाराची कार १५०ने पळवायला नुसत्या हवेसाठी साधारण ३८ हॉर्सपॉवर लागतात, तीच कार ३००ला न्यायची तर ३००च्या आसपास. म्हणून आधी टर्बो घेऊन ये म्हणणाऱ्यापेक्षा आधी आरसे काढ, ग्रिल टेपने बंद कर, गाडी खाली बसव, चाकांवर सपाट तबकड्या लाव म्हणणारा माणूस शहाणा, कारण समोरची हवा कमी केली की पैसा न घालता हॉर्सपॉवर मिळाल्यासारखेच आहेत. १९६५ला ६५८ किलोमीटर गाठणाऱ्या गोल्डनरॉडमध्ये क्रायस्लरची चार हेमी इंजिनं होती, ती समर्स बंधूंनी एकामागे एक ओळीत बसवली, ताकद चौपट झाली तरी समोरून गाडी एका इंजिनाएवढीच रुंद राहिली. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बिल बर्कने लढाऊ विमानाच्या पंखाखाली लटकवायची पेट्रोलची टाकी विकत आणून तिच्यातच इंजिन, सीट बसवून गाडी केली, त्यावरून लेकस्टरचा एक अख्खा प्रकार सुरू झाला. ओझरच्या एचएएलमुळे मिगच्या पोटाखाली लटकणारी तसली टाकी नाशिककरांना काही नवीन नाही, तिचा आकार डोळ्यासमोर आणला की हवेला काय आवडतं ते कळतं.

गाडी सरळ राहणं हा हवेचाच दुसरा भाग. येवल्याला संक्रांतीत पतंग गिरक्या घ्यायला लागला की पोरं त्याला शेपूट बांधतात, मागे ओढ आली की पतंग स्थिर होतो. गाडीतही वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे पाहिजे, मग ती थोडी वाकडी झाली तर हवाच तिला सरळ करते. उलटं झालं तर हवाच तिला फिरवते. स्ट्रीमलायनरच्या मागे उभा पंख असतो तो यासाठी आणि वजन वाढवायचं तर शिशाच्या लाद्या बहुतेक पुढे टाकतात.

हो, वजन वाढवतात. हलकी गाडी म्हणजे चांगली गाडी हे इथे चालत नाही. मिठाची पकड डांबरी रस्त्याच्या साधारण निम्मी किंवा थोडी जास्त. वरच्या त्याच कारला ३०० किलोमीटरला हवा ढकलायला सुमारे पावणेतीनशे किलोचा रेटा लागतो, आणि ताकद मिळणाऱ्या चाकांवर ६०० किलो भार असेल तर मीठ जेमतेम ३०० किलोचाच रेटा घेऊ देतं, म्हणजे त्याच्या थोडं पुढे गेलं की इंजिनात कितीही दम असो, चाकं नुसती फिरणार. हा हिशोब न करता लोक इंजिनावर पैसे घालत बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

गिअरचंही तसंच. टायरचा घेर दोन मीटर धरा, ३०० किलोमीटरला चाक मिनिटाला २,५०० फेरे मारतं, इंजिन ७,५००ला सगळ्यात जास्त ताकद देत असेल तर टॉप गिअर आणि डिफरन्शियल मिळून गुणोत्तर तीन पाहिजे. पण मिठावर चाक थोडं घसरतच पळतं, दहा टक्के घसरलं तर त्याच ७,५०० आरपीएमला गाडी २७०लाच असते. मग तीनच्या ऐवजी पावणेतीनचं गुणोत्तर लावायचं का, आणि लावलं तर इंजिन ओढेल का, यावर पहाटेपर्यंत वाद होतात.

आता इंजिन. बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,२८० मीटरवर आहे, साधारण आपल्या अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या माथ्याइतकं. नाशिक शहर सहाशे मीटरच्या आसपास. वर गेलं की हवा विरळ होते आणि ऑगस्टच्या दुपारी पारा पस्तिशीला पोचला की तिथली हवा सात हजार फुटांवरच्या हवेइतकी पातळ होते, म्हणजे इंजिनापुरतं बोलायचं तर कळसूबाईच्याही बरंच वर. हवा कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, ऑक्सिजन कमी म्हणजे तेवढंच पेट्रोल जास्त पडतं आणि मिश्रण जाड होतं, म्हणून खाली नाशकात बसवलेलं सेटिंग तिथे जसंच्या तसं चालत नाही. सकाळी सातचं आणि दुपारी दोनचं सेटिंगही एक नसतं. जाणती मंडळी तापमान, दाब आणि आर्द्रता दर फेरीआधी वहीत लिहितात.

पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, पण फुल थ्रॉटलला इतकं पातळ मिश्रण ठेवलं तर पिस्टन वितळतो. टर्बो इंजिन साधारण साडेअकरा ते बारावर ठेवतात, बिनटर्बोचं साडेबारा-तेराच्या आसपास. जास्तीचं पेट्रोल आत जाऊन थंडावा देतं. इग्निशनही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) जिथे सगळ्यात जास्त ताकद मिळाली तिथून एक-दोन डिग्री मागे घेतात कारण डायनोवर फेरी दहा-पंधरा सेकंदांची असते आणि मिठावर दीड मिनिटाची, तेवढ्यात पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह, प्लग सगळं तापत जातं आणि आठव्या सेकंदाला न येणारा ठोका, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून होणारं नॉकिंग, साठाव्या सेकंदाला येतो. पिस्टनवरच्या रिंगच्या तोंडातली फट रोजच्या गाडीपेक्षा जास्त सोडावी लागते, नाहीतर तापून रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. अंबडच्या एका लेथवर मी असा पिस्टन हातात घेऊन पाहिलाय, रिंगच्या खाचेजवळून नखाएवढा तुकडा गेलेला आणि बाकी पिस्टन कोरा करकरीत, मिस्त्री म्हणाले फट मोजली नव्हती वाटतं, फक्त बसवली.

इंजिनाच्या पोटातलं काय ते प्लग सांगतो. फेरी संपताना, फुल थ्रॉटलवरच, क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती घरंगळत बाहेर काढायची, हळूहळू चालवत परत आणली तर प्लगवरची खूण पुसली जाते. मग प्लग काढून भिंगाखाली धरायचा. पोर्सेलिनच्या तळाशी बारीक काजळीची कडी दिसली तर मिश्रण ठीक. पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चांदीसारखे चमकणारे कण दिसले तर थांबायचं, ते कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. सेन्सर आणि लॅपटॉप आले तरी भिंग कुणी टाकून दिलेलं नाही. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, ज्यांची हयात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर करण्यात गेली त्यांना चारही सिलिंडरना इंधन सारखं पडणं म्हणजे काय हे समजावून सांगायला लागणार नाही, एका इंजेक्टरने पाच टक्के कमी दिलं तर बाकी तिघांचं सेटिंग कितीही सुंदर असो, तो एक सिलिंडर इंजिन संपवतो.

थंडाव्याला बऱ्याच स्ट्रीमलायनरमध्ये रेडिएटर नसतोच, त्याला तोंड उघडं ठेवावं लागतं आणि तिथेच हवा अडते. त्याऐवजी पाण्याची टाकी, तिच्यात बर्फ. दीड-दोन मिनिटांपुरतं पुरतं आणि टाकीचं वजन पकडीला कामी येतं.

टायरबद्दल गंमत चालत नाही. ३०० किलोमीटरला १५ इंची रिमच्या काठावर चिकटवलेलं दहा ग्रॅमचं बॅलन्सिंगचं शिसं तेरा-चौदा किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं, मग टायरच्या रबराचं काय होत असेल. आपल्या गाडीच्या टायरच्या बाजूला आकड्यांच्या शेवटी एक अक्षर असतं ते बघा, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, त्यापुढे तो टायर त्या कामाचा नाही. मिठावरच्या टायरना नक्षी जवळपास नसतेच, रबर जितकं कमी तितकं फेकलं जायला कमी. समृद्धीवर १२०ची मर्यादा असताना जुन्या टायरवर १६० काढणाऱ्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

ड्रायव्हरभोवती रोल केज म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा, आगीत टिकणारा सूट, आग विझवायची यंत्रणा, ठरावीक वेगापुढे पॅराशूट सक्तीचं. तपासणीत ड्रायव्हरला सगळे पट्टे बांधून बसवतात आणि स्वतःचा स्वतः बाहेर पडून दाखवायला लावतात. नवख्याला पहिल्याच दिवशी पूर्ण वेग काढू देत नाहीत, पायरीपायरीने परवाना मिळतो.

भारतात असं मिठाचं मोजलेलं मैदान या खेळासाठी चालू नाही. कच्छचं रण पावसाळ्यात पाण्याखाली जातं आणि वाळल्यावरही बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या थराखाली चिखल असतो. बॉनव्हिललाही पाण्याचं दुखणं आहेच, २०१४, २०१५ आणि २०२२चे स्पीड वीक रद्द झाले आणि मिठाचा थर पूर्वीपेक्षा पातळ झालाय. दक्षिण आफ्रिकेतल्या हाक्सकीन पॅनवर ब्लडहाउंड या जेट गाडीसाठी तीनशेच्या वर स्थानिक लोकांनी साडेसोळा हजार टन दगड हातांनी वेचले, तेव्हा कुठे २०१९ला ती गाडी ताशी हजार किलोमीटरच्या वर गेली. आपल्याला जवळचं म्हणजे आग्रा रोडने सरळ वर गेलं की इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स, ११.३ किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक, २०२१ला सुरू झाला, आणि लोणावळ्याकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी ड्रॅग. नाशिकला वेड रॅलीचं जास्त, पण इंजिन बांधणारे हात तेच.

विक्रम झाला की बॉनव्हिलवर सगळ्यात शेवटी इंजिनाची तपासणी होते. सीसी जाहीर केलीय तेवढीच आहे ना ते बघायला निरीक्षक बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मोजतात, त्यासाठी बऱ्याचदा हेड उतरवावं लागतं, तेही तापलेलं इंजिन निवल्यावर, मिठातच ताडपत्री अंथरून. बोअर गेज आत उतरवायचा, हळू डोलवायचा, काटा ज्या आकड्यावरून परत फिरतो तो वाचायचा, मग नव्वद अंशात वळवून पुन्हा.