वीज आणि ब्रॉडबँडची अनुदाने : काम नेमके 'पूर्ण' कधी होते?

ग्रामीण वीज आणि ग्रामीण ब्रॉडबँड या दोन्ही कामांसाठी केंद्राचा पैसा जवळपास एकाच वाटेने येतो. प्रकल्प अहवाल मंजूर होतो, निविदा निघते, ठेकेदार काम करतो, कामपूर्तीचा दाखला जातो आणि पुढचा हप्ता सुटतो. सध्या ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर आहेत आणि वीज वितरण सुधारणेच्या २०२१ च्या योजनेचा आवाका ३,०३,७५८ कोटींचा आहे. दोन्हींच्या अटी आधीच्या योजनांपेक्षा बऱ्याच कडक आहेत, आणि त्यावरून राज्यांची कुरकुर चालू असते. पण या अटी आल्या कुठून, हे पाहायचे तर 'काम पूर्ण' असे आजवर कशाला म्हटले गेले ते पाहावे लागेल.

विजेची सुरुवात अनुदानाने नव्हे, कर्जाने झाली. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणासाठी वित्तपुरवठा करणारी केंद्रीय संस्था निघाली, तेव्हा साठच्या दशकातल्या दुष्काळांची आठवण ताजी होती. भर शेतीपंपांवर होता, घरातला दिवा दुय्यम. गरीब घरांना एका दिव्याची जोडणी अनुदानातून देणारी कुटीर ज्योती योजना १९८८-८९ मध्ये आली. तोवर बहुतेक राज्यांच्या कागदांवर गावे 'विद्युतीकृत' होत चालली होती.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचा सगळा हिशेब या शब्दावर उभा आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत धरले जाई. शिवारात एक पंप चालू असला आणि गावठाणात मिट्ट काळोख असला, तरी गाव वीज नसलेल्या गावांच्या यादीतून बाद. १९९७ मध्ये वस्तीच्या भागात वीज वापरली गेली पाहिजे अशी दुरुस्ती झाली; कशासाठी वापरायची हे मात्र मोकळेच राहिले. २००४ मध्ये व्याख्या खऱ्या अर्थाने बदलली. वस्तीत आणि दलित वस्ती असेल तर तिथेही रोहित्र आणि वाहिन्या हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज हवी आणि एकूण घरांपैकी किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. म्हणजे २०० घरांच्या गावात २० घरांत दिवा लागला की गाव पूर्ण, उरलेली १८० घरे अंधारात असली तरी.

या १० टक्क्यांवर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्त होती. बचाव असा होता की आधीच्या व्याख्येपेक्षा ही कितीतरी कडक आहे आणि एकदा डीपी म्हणजे रोहित्र बसले, तारा ओढल्या की घरे आपोआप जोडली जातील. तसे झाले नाही. जोडणीचा खर्च, मीटरची अनामत, दर महिन्याचे बिल आणि दिवसातून मोजके तास येणारी वीज, हे सगळे पाहून अनेक कुटुंबांनी आकडा टाकणे किंवा रॉकेलवर भागवणे पसंत केले. हा त्या कुटुंबांचा अडाणीपणा नव्हता. रात्री आठला जाणारी वीज विकत घ्यायची कशाला, हा सरळ हिशेब होता.

२००३ च्या वीज कायद्याने गावे आणि वाड्या-वस्त्यांपर्यंत वीज पोहोचवण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांवर टाकली. तिच्या आधाराने एप्रिल २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली आणि ग्रामीण विजेचा पैसा प्रथमच मोठ्या प्रमाणावर अनुदानाच्या रूपात आला: ९० टक्के भांडवली अनुदान, १० टक्के कर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या घरांना मोफत जोडणी. पहिल्या टप्प्यात किमान ३०० लोकवस्तीची आणि पुढच्या टप्प्यात १०० लोकवस्तीची अट होती. डोंगरातले विखुरलेले पाडे या अटीत अडकले. गरीब घरांचा जुजबी वापर गृहीत धरून लहान क्षमतेची रोहित्रे बसवली गेली, मग घरात टीव्ही आला, पंखा आला आणि डीपी जळू लागल्या. नवी डीपी बसवायला अनुदान होते, जळालेली बदलायला नव्हते. ती वितरण कंपनीच्या खिशातून यायची, आणि तो खिसा आधीच फाटलेला. माझ्या मते या योजनेचे मूळ दुखणे व्याख्येइतकेच इथेही होते.

डिसेंबर २०१४ मध्ये हीच योजना दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजनेत विलीन झाली. सर्वसाधारण राज्यांचे अनुदान ६० टक्क्यांवर आले आणि ठरलेले टप्पे गाठले तर आणखी १५ टक्के, अशी रचना झाली. शेती आणि गावठाणाचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, वेगळे करणे हा तिचा महत्त्वाचा भाग होता. गुजरातने हे काम २००३ पासूनच हाती घेतले होते. १५ ऑगस्ट २०१५ रोजी १००० दिवसांत उरलेली १८,४५२ गावे उजळण्याची घोषणा झाली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातल्या लाइसांगला वीज पोहोचली आणि यादी संपली. ही यादी २००४ च्या व्याख्येचीच होती. म्हणूनच त्याआधी सात महिने, सप्टेंबर २०१७ मध्ये, गाव सोडून घर मोजणारी सौभाग्य योजना १६,३२० कोटींच्या आराखड्यासह सुरू करावी लागली होती. तेव्हा सुमारे ४ कोटी घरे अंधारात असल्याचा अंदाज होता. मार्च २०२२ मध्ये योजना बंद होईपर्यंत २ कोटी ८० लाखांहून जास्त घरे जोडली गेली. मोजण्याचे एकक बदलले की काम कसे बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

ब्रॉडबँडचा पैसा वेगळ्या झऱ्यातून येतो. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने सार्वत्रिक सेवेसाठी आकारणी सुचवली. ती एप्रिल २००२ पासून लागू झाली आणि कायद्यातल्या दुरुस्तीने तिच्या सार्वत्रिक सेवा निधीला वैधानिक आधार मिळाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम यात जाते. पण ती थेट निधीत पडत नाही. आधी देशाच्या संचित निधीत जाते आणि संसदेच्या मंजुरीने खर्चाला मिळते. त्यामुळे वर्षानुवर्षे जमा जास्त आणि खर्च कमी राहिला. सुरुवातीला हा पैसा गावातल्या सार्वजनिक टेलिफोनसाठी होता. २००६ मध्ये मोबाइल आणि ब्रॉडबँडची दारे उघडली. वाटप उलट्या लिलावाने होई: सर्वांत कमी अनुदान मागेल त्याला काम.

ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायचा प्रकल्प २०,००० कोटींच्या अंदाजाने मंजूर झाला. मुदत दोन वर्षांची होती. पुढच्या वर्षी वेगळी सरकारी कंपनी निघाली आणि प्रत्यक्ष खोदाई तीन सार्वजनिक उपक्रमांकडे गेली. पहिल्या १ लाख पंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये संपला. तोवर प्रकल्पाचे नाव भारतनेट झाले होते.

इथे विजेचीच गोष्ट पुन्हा घडली. पंचायत 'सेवेसाठी तयार' झाली की काम पूर्ण धरले जाई: केबल आली, उपकरण बसले, चाचणीत सिग्नल मिळाला. तालुक्यापासून वाटेतल्या जोडबिंदूपर्यंत बरीचशी केबल जुनीच वापरली होती, नवी फक्त शेवटच्या अंतरात. रचना एका रेषेत जाणारी, म्हणून रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा दात एका ठिकाणी लागला की पुढच्या सगळ्या पंचायती बंद. पंचायतीत गेलात तर भिंतीवरच्या पेटीला कुलूप, किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार. उपकरणासोबत सौर पॅनल आणि बॅटरी दिली होती, कारण पंचायतीच्या विजेचा भरवसा नव्हता. बॅटरी उतरली की ती बदलायची कोणी, या प्रश्नाला प्रकल्प खर्चात उत्तर नव्हते. सरपंचाला विचारावे तर तो म्हणणार, "आमच्याकडे त्याचं हेड नाही." म्हणजे खर्च टाकायला शीर्षच नाही.

जुलै २०१७ च्या दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम आपल्याकडे घेतले, त्यात महाराष्ट्रही होता. या टप्प्यात विजेच्या खांबांवरून केबल नेण्याची मुभा मिळाली. खोदाई आणि रस्त्याच्या परवानग्या टळतात हा तिचा मोठा फायदा. वीज आणि ब्रॉडबँड ही दोन खाती त्या खांबावर पहिल्यांदा खरोखर भेटली, असे म्हणायला हरकत नाही.

मग आला २०२१ चा वादग्रस्त निर्णय. १६ राज्यांतले काम खासगी भागीदारीला देऊन १९,०४१ कोटींचा व्यवहार्यता तूट निधी, म्हणजे उत्पन्नातून न भरणारी तूट भागवणारे अनुदान, द्यायचा असे ठरले. महामार्गांसाठी ही पद्धत २००६ पासून रुळलेली होती, पण टोल आहे म्हणून ती तिथे चालते. गावातल्या ब्रॉडबँडला किती ग्राहक मिळतील याची हमी कोणी देईना, जुन्या केबलची अवस्था कोणाला नीट ठाऊक नाही आणि जोखीम सगळी ठेकेदाराची. निविदेला प्रतिसाद आला नाही. खासगी कंपन्यांना गावे नको होती असा अर्थ तेव्हा काढला गेला. मला तो अन्यायाचा वाटतो. जे जाळे चालू आहे की बंद हे मालकालाच सांगता येत नाही, त्यावर बोली लावायची कशी? २०२२ मध्ये प्रकल्पाची कंपनी सरकारी दूरसंचार कंपनीत विलीन करायचे ठरले.

ऑगस्ट २०२३ चा सुधारित कार्यक्रम या अपयशांवर उभा आहे. रेषेऐवजी वर्तुळाकार जाळे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालू. उभारणीला ३ वर्षे आणि देखभालीला १० वर्षे एकाच करारात, देखभालीचे पैसे ठरलेल्या सेवा दर्जानुसार. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने सार्वत्रिक सेवा निधीचे नावही डिजिटल भारत निधी झाले. विजेकडे हा बदल आधीच सुरू होता. २००८ च्या शहरी सुधारणा कार्यक्रमात पैसा आधी कर्ज म्हणून देऊन काम झाल्यावर आणि वीजगळती १५ टक्क्यांपर्यंत उतरल्यावर त्याचे अनुदान करण्याची सोय होती, आणि २०२१ च्या योजनेत आधी पात्रतेच्या अटी, मग निकालावर आधारित पैसा अशी साखळी आहे. तिच्यातही स्मार्ट मीटरला १५ टक्के, फार तर ९०० रुपये, आणि वाहिन्या-उपकेंद्रांना ६० टक्के असा फरक आहे. मीटरच्या बाकीच्या खर्चाचा भार अखेर वीजदरात येणार, म्हणूनच या मीटरना विरोध सर्वाधिक आहे.

अजून एक गाठ सुटलेली नाही. नव्या करारातली देखभाल जाळ्याची आहे. पंचायत कार्यालयाचे वीजबिल, थकले की तोडली जाणारी जोडणी आणि त्यामुळे बंद पडणारे उपकरण हे दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या अनुदानांच्या मधे पडते.