नेत्रकोटरीय कवकसंसर्ग : औषधोपचार

नाक व नासाकोटरे (सायनस) यांतून डोळ्याच्या खोबणीत शिरून ऊतकांचा झपाट्याने नाश करणाऱ्या कवकसंसर्गावरील उपचार. म्यूकोरेलीझ गणातील कवकांमुळे होणारा म्यूकरमायकोसिस आणि ॲस्परजिलस वंशातील कवकांमुळे होणारा ॲस्परजिलोसिस हे यांतील दोन प्रमुख संसर्ग होत.

म्यूकरमायकोसिससाठी २०२१ मध्ये रूढ झालेले ‘काळी बुरशी’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. हे कवक काळे नसते. रक्तवाहिन्या कवकतंतूंनी तुंबल्यामुळे मेलेले ऊतक काळे पडते. कवकविज्ञानात काळी कवके म्हणून ओळखला जाणारा, मेलॅनिनयुक्त भित्तीचा गट निराळाच आहे. रोगाच्या पहिल्या नोंदीविषयी मतभेद आहेत. फ्रीड्रिख क्यूखेनमाइस्टर यांचे फुप्फुसातील कवकाचे वर्णन १८५५ चे आहे; परंतु आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी १८८५ मध्ये ‘मायकोसिस म्यूकोरिना’ या नावाने केलेली नोंद अधिक तपशीलवार असल्याने तिलाच आद्य मानणे सयुक्तिक वाटते. पुढे फायकोमायकोसिस, झायगोमायकोसिस अशी नावे आली. रेणवीय वर्गीकरणात २००७ च्या सुमारास झायगोमायकोटा हा संघ मोडीत निघाला आणि म्यूकरमायकोसिस हे नाव पुन्हा स्थिरावले. मधुमेही रुग्णांत डोळा व मेंदू यांना होणाऱ्या संसर्गाचे ग्रेगरी व सहकाऱ्यांनी केलेले वर्णन १९४३ चे आहे.

रक्तशर्करा अनियंत्रित होऊन कीटोआम्लता (रक्तात कीटोन आम्ले साचणे) झाली, की रक्तातील प्रथिनांना बांधलेले लोह सुटे होते आणि ते म्यूकोरेलीझ गणातील ऱ्हायझोपस कवकाला आयतेच मिळते. नासाकोटर व खोबण यांमधील हाड कागदासारखे पातळ असल्याने संसर्गाला आडकाठी अशी राहतच नाही. रुग्णाच्या पहिल्या तक्रारी साध्या असतात : ‘गाल बधिर झालाय’, ‘डोळ्यामागं ठणकतंय’. दातदुखी समजून दिवस दवडले, तर पापणी ओघळते, बुबुळ हलेनासे होते.

औषध ठरवण्यापूर्वी नाकातील ऊतकाचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदेविरहित आणि बरेचदा काटकोनात फुटणारे तंतू म्यूकोरेलीझचे. अरुंद, पडदेयुक्त व लघुकोनात फुटणारे बहुधा ॲस्परजिलसचे. हा भेद निर्णायक आहे. ॲस्परजिलसवर पहिल्या पसंतीचे असलेले व्होरिकोनॅझोल म्यूकोरेलीझवर चालत नाही. तेथे अँफोटेरिसिन-बी हेच मुख्य औषध. व्हेनेझुएलातील मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस नोडोसस या जीवाणूपासून १९५० च्या दशकाच्या मध्यास मिळवलेले हे पिवळे द्रव्य कवकपेशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉल या मेदद्रव्याला चिकटून पटल निकामी करते. मूळ औषधाने हुडहुडी भरते, मूत्रपिंडाला इजा होते, पोटॅशियम घसरते. त्यामुळे मेदकणांत गुंफलेले लिपोसोमल रूप श्रेयस्कर मानतात. ते मिठाच्या सलाइनमध्ये साकळते, म्हणून डेक्स्ट्रोजच्या द्रावणातून सावकाश देतात.

इंदूर येथील महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे शहराच्या बोलीत ‘एम. वाय.’मध्ये, २०२१ च्या उन्हाळ्यात या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडावे लागले; माळवा-निमाडातून रुग्ण येत. प्रतिकिलो ५ मिग्रॅ. या मात्रेने ६० किलो वजनाच्या एका माणसाला दिवसाला ३०० मिग्रॅ., म्हणजे ५० मिग्रॅ.च्या सहा कुप्या लागतात, त्याही कित्येक आठवडे. देशभर जाणवलेला तुटवडा हा गुणाकार मांडला की कळतो. कुपी मिळेपर्यंत गेलेला एकेक दिवस रुग्णाच्या दृष्टीवर बेतणारा होता.

मृत ऊतकात रक्त पोहोचत नाही, म्हणजे औषधही पोहोचत नाही. त्यामुळे ते खरवडून काढणे आणि शर्करा आटोक्यात आणणे यांवाचून नुसत्या औषधाचा भरवसा धरता येत नाही. खोबणीसह डोळा काढावा की नेत्रगोलामागे अँफोटेरिसिनचे इंजेक्शन देऊन तो वाचवण्याचा प्रयत्न करावा, यावर एकमत नाही. या इंजेक्शनात साधारणतः मिलिलिटरला ३.५ मिग्रॅ. तीव्रतेचे १ मिलि. द्रावण देतात. पुरावा मुख्यतः पूर्वलक्षी, म्हणजे आधीच उपचार झालेल्या रुग्णांच्या, नोंदींचा आहे. तथापि खोबणीतील संसर्ग मर्यादित असल्यास आधी इंजेक्शन वापरून पाहण्याकडे अनेक नेत्रशल्यविशारदांचा कल आहे, आणि तो समर्थनीय वाटतो.

प्रकृती स्थिरावल्यावर पोसाकोनॅझोल किंवा इसाव्हुकोनॅझोल हे कवकरोधी औषध तोंडाने देतात. हृदयालेखातील (ईसीजी) क्यूटी अंतर, म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातील विद्युत्-क्रियेचा काळ, पहिल्याने लांबू शकते, दुसऱ्याने आखडते.