वर्तुळाचा परीघ व क्षेत्रफळ

केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर, म्हणजे त्रिज्या, कळली की वर्तुळाची कडा किती लांब (परीघ) आणि आतली जागा किती (क्षेत्रफळ) हे दोन्ही ठरते. परीघ = २ × पाय × त्रिज्या; क्षेत्रफळ = पाय × त्रिज्या × त्रिज्या. ‘पाय’ म्हणजे परिघाला व्यासाने भागून येणारी संख्या. वर्तुळ बांगडीएवढे असो की विहिरीएवढे, ती तीच राहते. तिची किंमत ३.१४१५९२६५... अशी न संपणारी असल्याने शाळेत २२/७ किंवा ३.१४ घेतात. त्रिज्या ७ सेंमी. असेल, तर २२/७ ने परीघ ४४ सेंमी. आणि क्षेत्रफळ १५४ चौ. सेंमी. येते. या संख्येसाठी π (पाय) हे ग्रीक अक्षर प्रथम विल्यम जोन्स याने १७०६ मध्ये वापरले व ऑयलरच्या ग्रंथांमुळे ते रूढ झाले. संस्कृत ग्रंथांत तिला वेगळे नाव नाही. अमुक व्यासाला अमुक परीघ, अशा जोडीनेच ती सांगितलेली आढळते.

‘त्रिज्या’ हा शब्द ज्योतिषातला आहे. राशिचक्राच्या तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची, जी ज्या (अर्धजीवा), ती वर्तुळाच्या केंद्रापासून कडेपर्यंतच्या रेषेएवढीच असते. म्हणून ‘त्रिभज्या’ व संक्षेपाने ‘त्रिज्या’. ज्योतिषी मात्र हे गणित बहुधा उलट दिशेने करत. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या २१,६०० कला होतात. परीघ तेवढा धरून आर्यभटाने त्रिज्या ३,४३८ कला घेतली. २१,६०० ला ३.१४१६ च्या दुपटीने भागले तर ३,४३७.७ येतात, पूर्णांकात ३,४३८.

परिघासाठी लागणारी संख्या आणि परिघावरून क्षेत्रफळ काढण्याचा नियम या दोन गोष्टी इतिहासात वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. संख्या हजारो वर्षे सुधारत गेली. नियम मात्र मुळातच बिनचूक होता, आणि संख्येतील चुकीची झळ त्याला कधी लागली नाही.

शुल्बसूत्रांचा, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या नियमांच्या ग्रंथांचा, काळ सामान्यतः इ. स. पू. ८०० ते २०० असा धरतात. त्यांतले बौधायनाचे बहुधा सर्वांत जुने. गार्हपत्य अग्नीची चिती (विटांची वेदी) वर्तुळाकार, आहवनीय अग्नीची चौकोनी आणि दोन्हींचे क्षेत्र सारखे, ही यज्ञाची गरज होती. म्हणून तेथे परिघाचा प्रश्न जवळजवळ नाही. चौरसाइतके वर्तुळ कसे आखावे, एवढाच प्रश्न आहे. बौधायनाची कृती अशी : चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणावी, ती बाजूकडे वळवावी, बाजूबाहेर जो भाग उरेल त्याचा तिसरा हिस्सा मध्यापासून बाजूपर्यंतच्या लांबीत मिळवून तेवढ्या दोरीने वर्तुळ फिरवावे. बाजू २ हात असता त्रिज्या सुमारे १.१३८ हात येते, खरी १.१२८ हवी. यावरून ‘पाय’ची किंमत ३.०८८ निघते. अंगणात दोरी-खुंट्या घेऊन केलेल्या या आखणीत हातामागे शतांशाचा फरक पडतो, आणि विटा रचणाऱ्याला तो जाणवला नसावा.

जैन परंपरेत परीघ म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या दसपटीचे वर्गमूळ, म्हणजेच ‘पाय’ = √१०. जैन विश्वरचनेतल्या जंबुद्वीप या वर्तुळाकार बेटाचा व्यास एक लक्ष योजने. त्याचा परीघ ३,१६,२२७ योजने, ३ गव्यूती, १२८ धनुष्ये व साडेतेरा अंगुळांहून थोडा अधिक दिलेला आहे. वर्गमूळ काढण्यातले हे कौशल्य थक्क करणारे आहे, पण मूळ संख्याच मोठी असल्याने उत्तर २,००० योजनांहून अधिक चुकते. ब्रह्मगुप्त (६२८) व्यवहाराला ३ आणि सूक्ष्म गणिताला √१० घेतो, महावीराचार्यही (सु. ८५०) तसेच करतो.

√१० आला कोठून यावर एक जुना तर्क आहे. व्यास १० असता वर्तुळात काढलेल्या १२, २४, ४८ व ९६ बाजूंच्या बहुभुजांच्या परिमितींचे वर्ग अनुक्रमे सुमारे ९६५, ९८१, ९८६, ९८७ येतात; ते पुढे १,००० ला पोचतील असा समज झाला असावा, असे या तर्काचे म्हणणे. ते पटण्यासारखे नाही. ज्याने ९८६ नंतर ९८७ स्वतः काढले, त्याला वाढ थांबत आल्याचे दिसल्याशिवाय राहणार नाही. ३ अपुरा पडतो हे मोजमापातून कळल्यावर लक्षात ठेवायला सोपी संख्या घेतली, हे अधिक संभवते.

आर्यभटाने शके ४२१ (४९९) च्या सुमारास दिलेली किंमत या साऱ्यांपेक्षा वेगळ्या प्रतीची आहे. शंभरात चार मिळवून आठपट करावी, त्यात बासष्ट हजार घालावेत. दोन अयुते (२०,०००) व्यासाच्या वर्तुळाचा हा ‘आसन्न’ (जवळचा) परिणाह (परीघ), असे त्याच्या आर्यभटीय ग्रंथातील गणितपादाच्या दहाव्या आर्येत (श्लोकात) म्हटले आहे. ६२,८३२ भागिले २०,००० म्हणजे ३.१४१६. तिच्या उगमाविषयी तीन मते आहेत. पहिले मत ग्रीक प्रभावाचे : अयुत (१०,०००) हे एकक ग्रीकांच्या गणनेतले, आणि टॉलेमीची ३७७/१२० ही किंमत जवळची. पण ‘अयुत’ यजुर्वेदातल्या संख्यानामांत आहे, आणि टॉलेमीची किंमत ३.१४१६७ येते, ३.१४१६ नव्हे. दुसरे मत चीनकडे बोट दाखवते. चिनी गणिती लिउ हुइच्या २६३ मधील भाष्याच्या आज मिळणाऱ्या पाठात ३,९२७/१,२५० हाच अपूर्णांक आहे, आणि आर्यभटाच्या संख्येला १६ ने भागले की नेमका तोच मिळतो. हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. तथापि एकाच संख्येकडे धावणाऱ्या दोन गणितांचे दशमान उत्तर सारखे येणे अगदी स्वाभाविक आहे.

तिसरे मत स्वतंत्र शोधाचे. सोळाव्या शतकातील गणिती गणेश दैवज्ञाने दिलेल्या उपपत्तीत १०० व्यासाच्या वर्तुळात षट्कोनापासून बाजू दुप्पट करत ३८४ पर्यंत जाऊन परिमिती √९८,६९४, म्हणजे ३१४.१५६, काढली आहे, ती ३.१४१६ शी जुळते. गणेश आर्यभटानंतर हजारेक वर्षांनी झाला, त्यामुळे हा थेट पुरावा ठरत नाही. तरीही दहाव्या आर्येच्या लगेच आधीच्या आर्येत परिघाच्या सहाव्या भागाची जीवा त्रिज्येएवढी असते असे सांगितले आहे, आणि कंस निम्मा करत जीवा काढण्याची रीत त्याच्या ज्यासारणीला लागतेच. साधन हाताशी होते आणि पहिली पायरी शेजारच्या ओळीत आहे. म्हणून हेच मत अधिक सयुक्तिक वाटते.

त्या आर्येतला ‘आसन्न’ हा शब्दही तेवढाच मोलाचा आहे. केरळचा गणिती नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) आर्यभटीयावरील आपल्या भाष्यात विचारतो, की खरी किंमत सोडून जवळची का सांगितली? आणि उत्तर देतो : ज्या मापाने व्यास पुरा मोजला जाईल, त्याच मापाने परीघ मोजता शेष उरतोच, माप बारीक करत गेले तर शेष लहान होईल, पण नाहीसा होणार नाही. ही संख्या अपरिमेय असल्याची सिद्धता लँबर्टने १७६१ मध्ये दिली. तिचा दर्जा आणखी वेगळा, म्हणजे ती बीजातीत (पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बीजसमीकरणाचे उत्तर नसलेली) आहे, हे लिंडेमानने १८८२ मध्ये दाखवले.

क्षेत्रफळाचा आर्यभटाचा नियम मात्र कोठलाही ‘आसन्न’ लावत नाही : परिघाचा निम्मा गुणिले व्यासाचा निम्मा. जैन ग्रंथांत हाच नियम ‘परीघ गुणिले व्यासाचा चौथा हिस्सा’ असा आहे. आर्किमिडीजने (इ. स. पू. तिसरे शतक) परीघ व त्रिज्या या बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाएवढे वर्तुळाचे क्षेत्र असते हे सिद्ध केले, तेही हेच, ९६ बाजूंचे बहुभुज घेऊन ‘पाय’ला ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्यामध्ये त्यानेच बसवले.

भास्कराचार्याच्या लीलावतीत (सु. ११५०) दोन्ही संख्या शेजारीशेजारी येतात. ‘भ-नन्द-अग्नि’ म्हणजे २७, ९, ३; अंक उजवीकडून मांडायचे म्हणून ३,९२७. ‘ख-बाण-सूर्य’ म्हणजे ०, ५, १२, अर्थात १,२५०. व्यासाला पहिल्याने गुणून दुसऱ्याने भागले की सूक्ष्म परीघ. २२ ने गुणून ७ ने भागले की स्थूल, पण व्यवहारयोग्य. तेथील उदाहरणात व्यास ७ आहे : सूक्ष्म परीघ २१ १,२३९/१,२५०, स्थूल परीघ २२. पुढच्या श्लोकात वर्तुळाच्या क्षेत्राची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, चेंडूभोवती विणलेल्या जाळीसारखे, असे सांगितले आहे. भास्कराचार्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात नमूद आहे. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

नियम खरा का, हे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने लीलावतीवरील बुद्धिविलासिनी टीकेत (शके १४६७, इ. स. १५४५) डोळ्यांना दिसेल असे दाखवले. वर्तुळ मधोमध कापावे. दोन्ही अर्धांचे केंद्राकडे टोक असलेले सुईसारखे तुकडे पाडावेत, पण कडेला ते जोडलेले राहू द्यावेत. कडा सरळ ताणली की दोन्हींचे दाते होतात. एकाचे दाते दुसऱ्याच्या फटींत बसवावेत. होणाऱ्या आयताची लांबी निम्मा परीघ, रुंदी त्रिज्या. भाकरी बारीक कापून ही कृती करून पाहिली तर आठ-दहा तुकड्यांतच आयताचा आकार दिसू लागतो.

केरळात माधवाने (सु. १३४०–१४२५) परिघासाठी अनंत श्रेणी शोधली, यूरोपात ती सतराव्या शतकात ग्रेगरी व लायब्निझ यांच्याकडून आली. नऊ निखर्व (९,००,००,००,००,०००) व्यासाला २८,२७,४३,३३,८८,२३३ हा परीघ त्याच्या नावावर आहे. १ किमी. त्रिज्येच्या वर्तुळावर या किमती ताडून पाहता येतात. ‘पाय’ ३ घेतला तर परीघ २८३ मी. कमी पडतो, √१० ने ४१ मी. जास्त होतो, २२/७ ने अडीच मीटर, ३.१४१६ ने दीड सेंटिमीटर. माधवाच्या किमतीने मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी.

कारागिराला यांपैकी एकही संख्या लागतेच असे नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवायची, तर चाकावर खूण करून ते जमिनीवर एक फेरा गडगडवले की परीघ मिळतो. पट्टीला मात्र जाडी असते, आणि वाकवलेल्या पट्टीची लांबी तिच्या जाडीच्या मध्यावर धरावी लागते. म्हणून १ सेंमी. जाड पट्टी चाकाच्या परिघापेक्षा सुमारे ३.१४ सेंमी. लांब घ्यावी लागते, आणि चाक लहान असो की मोठे, ही वाढ तेवढीच राहते. त्यातून थोडी लांबी मुद्दाम कमी करतात. तापवलेली धाव पसरून चाकावर चढते आणि पाणी ओतल्यावर आकसून लाकूड आवळून धरते.