रबरी हाताचा भ्रम

समोर ठेवलेला रबराचा हात आपलाच आहे, असे धडधाकट माणसाला वाटू लागण्याचा अनुभव. मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील छोट्याशा टिपणात तो मांडला.

प्रयोगाला फारसे साहित्य लागत नाही. माणसाचा डावा हात टेबलावर, पण उभ्या पडद्याआड ठेवतात. नजरेसमोर असतो रबरी डावा हात. प्रयोग करणारा दोन बारीक कुंचले घेतो आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच ठिकाणी फिरवत राहतो. थोड्या वेळाने अनेकांना स्पर्श रबरी बोटांवरच होतोय असे वाटू लागते. हात खोटा आहे हे डोळ्यांना स्वच्छ दिसत असते, तरी काही फरक पडत नाही. एक कुंचला दुसऱ्याच्या मागे पडू लागला, की भ्रम ओसरतो. रबरी हात आडवातिडवा वळवला किंवा त्याच्या जागी लाकडाचा तुकडा ठेवला, तरीही तो नीट जमत नाही.

नंतर डोळे मिटून, टेबलाखालून उजव्या बोटाने डावा हात कुठे आहे ते दाखवायला सांगतात. बोट खऱ्या हाताच्या जागेवरून रबरी हाताच्या दिशेला सरकलेले आढळते. आपला हात कुठे आहे हे आपल्याला आतूनच पक्के ठाऊक असते, या समजुतीला खरा धक्का बसतो तो इथे. मात्र हे सरकणे म्हणजेच भ्रमाचे माप, असे मानणे घाईचे ठरेल. कुंचले एकत्र फिरत नसतानाही, नुसत्या रबरी हाताकडे बघत राहिल्याने ते घडू शकते, असे २०११ मध्ये दिसून आले.

अवयव कुठे आहे याची खबर स्नायू, कंडरा आणि सांधे मेंदूला देतात. ही खबर ढोबळ असते. दृष्टी आणि स्पर्श यांच्याशी ताडून मेंदू जागा ठरवतो. खबरच चुकवली तर काय होते, हे जेम्स लॅकनर यांनी १९८८ मध्ये दाखवले. डोळे बांधलेल्या माणसाने चिमटीत नाक धरले असताना त्याच्या दंडाच्या स्नायूला कंपने दिली, तर कोपर उलगडतोय असे वाटते. बोटे नाकावरून सुटलेली तर नाहीत! मग नाकच लांब होत चालल्याचा भास होतो.

रबरी हाताच्या भ्रमाला डोळे लागतातच असे नाही. हेन्रिक एर्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डोळे बांधलेल्या माणसाचे डावे बोट धरून रबरी उजव्या हातावर टेकवले आणि त्याच क्षणी त्याच्या खऱ्या उजव्या हाताला त्याच जागी स्पर्श केला. आपण स्वतःच्याच हाताला हात लावतोय, असे त्याला वाटले. हाच प्रयोग पुढे अंध व्यक्तींवर केला, तेव्हा २०१२ च्या अहवालानुसार त्यांना हा भ्रम झाला नाही.