चंद्राचं खळं आणि मळणीचं खळं

चंद्राभोवती मोठं गोल कडं दिसलं की त्याचे फोटो फोनवर फिरू लागतात, आणि सोबत ‘शेकडो वर्षांतून एकदाच येणारा योग’ असा मजकूर असतो. यात योगबीग काही नाही. मराठीत याला जुना, नेमका शब्द आहे: चंद्राला खळं पडणं.

खळं म्हणजे मळणीची जागासुद्धा. चोपून सारवलेली गोल जमीन, मधोमध रोवलेला तिवडा म्हणजे खांब आणि त्याभोवती फिरणारी बैलांची पात. तिवड्याच्या जागी चंद्र बघा, की आकाशातलं खळं उभं राहतं. अशा कड्याला इंग्रजीत ‘हेलो’ (halo) म्हणतात; तो शब्द ग्रीक ‘हालोस’वरून आला आणि त्याचाही मूळ अर्थ मळणीची जागा असाच! मळणीच्या अर्थाचा ‘खल’ ऋग्वेदातही आहे. कुणी कुणाकडून शब्द उचलला असं मानायची गरजच नाही. शेतकऱ्याने कुठेही मान वर केली तरी त्याला आपलंच खळं आठवणार.

पंडितांचा शब्द ‘परिवेष’. सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिराने आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात लिहिलं की परिवेष विरळ ढगांच्या आकाशात दिसतो. हे निरीक्षण अचूक आहे. पुढे त्याने परिवेषाच्या रंगांवरून शुभाशुभ सांगितलंय, ते मात्र सोडून द्यावं.

हे विरळ ढग खूप उंचावरचे, बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात. स्फटिक षटकोनी, न तासलेल्या पेन्सिलीसारखा. किरण एका बाजूने शिरतो आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन, म्हणजे हा लोलकच झाला. बर्फाचा अपवर्तनांक (बर्फ प्रकाशाला किती वळवतो याचं माप) १.३१ धरून गणित केलं, तर स्फटिक कसाही कलला तरी किरण सुमारे २२ अंशांपेक्षा कमी वळूच शकत नाही. म्हणून चंद्राभोवती २२ अंशांच्या आतलं, म्हणजे कड्याच्या आतलं, आकाश बाहेरच्यापेक्षा काळोखं दिसतं.

पण मग प्रकाश २२ अंशांपाशीच का साचतो? झोका टोकाला पोचला की क्षणभर रेंगाळतो ना, तसंच इथे होतं. या किमान वळणाच्या स्थितीपासून स्फटिक १० अंशांनी फिरला, तरी वळण एका अंशानेसुद्धा वाढत नाही. त्यामुळे वेडेवाकडे तरंगणारे असंख्य स्फटिक जवळपास त्याच कोनात प्रकाश पाठवतात. तांबडा रंग सगळ्यांत कमी वळतो, म्हणून कड्याची आतली किनार तांबूस. चंद्राला अगदी चिकटून दिसणारं छोटं रंगीत वलय वेगळं, ते पाण्याच्या थेंबांमुळे होतं आणि त्यात तांबडा बाहेरच्या बाजूला असतो.

खळं पडलं की पाऊस येतो म्हणतात. असे ढग कधी कधी पावसाच्या आधी येतात, पण तो नियम नव्हे.

पुढच्या वेळी हात लांब करून बोटं फाकवा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर धरा. करंगळीचं टोक साधारण कड्यापाशी पोचेल. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही खळं तेवढंच दिसेल, पण त्याच्या डोळ्यांत प्रकाश पाठवणारे स्फटिक वेगळे असतील.